तूर विकायची, डाळ विकत घ्यायची

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत तूर विकणारा आणि तुरीची डाळ विकत घेणारा माणूस बहुधा एकच असतो. महागाईच्या चर्चेत ही साधी गोष्ट मला क्वचितच सापडते. तिथे शेतकरी वेगळा, गिऱ्हाईक वेगळे. एकाला भाव हवा, दुसऱ्याला स्वस्ताई. सरकार कधी याच्याकडे झुकते, कधी त्याच्याकडे. आमच्याकडे दोघांची चूल एक आहे, आणि सरकार कुणीकडेही झुकले तरी त्या चुलीचे काही ना काही जातेच.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच्यासोबत कापूस, तूर आणि संत्र्याचा हा मराठी पट्टाही राहिला. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. कारभार भोपाळहून चालतो, सोयरीक वरूड-नरखेड-काटोलात. 2022 च्या दिवाळीला सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेलाची पिशवी मिळाली. अलीकडच्या बहिणीला ती नव्हती. पुढच्या वर्षी अलीकडे लाडली बहना योजनेचे पैसे सुरू झाले, त्यानंतर वर्षभराने पलीकडे लाडकी बहीण आली. हे पैसे घराला लागतातच, त्यांना नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण ते किराण्याच्या दुकानातून जातात कसे, हे पाहायला हवे, आणि त्याची सुरुवात तुरीपासून होते.

तूर घरात येते जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच वेळी बी-खतांची उधारी उभी असते, मजुरी द्यायची असते, लग्नसराई तोंडावर असते. म्हणून सगळी तूर एकदम मंडीत जाते. पूर्वी काही पोती मागे राहत. तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, पाखडायची. टरफल आणि चुरी जनावरांना. वर्षाची डाळ कोठीत पडली की बाजारात काय भाव चालला आहे याची घरातल्या बाईला फिकीर नसे. ते कष्ट बायकांच्याच अंगावर पडत, म्हणून ती जाती परत यावीत असे मी म्हणणार नाही. पण जात्याबरोबर साठवणही गेली. क्विंटलने गेलेली तूर आता अर्धा किलो, पाव किलोने डाळ होऊन परत येते. क्विंटलभर तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ होते. घट, दळण, वाहतूक, दोन-तीन हातांचा नफा आणि पाव किलोच्या पुड्याची किंमत, हे सगळे त्या परतीच्या वाटेवर चढते. हातात पैसा थोडा थोडा येणारा माणूस थोडे थोडे घेतो, आणि थोडे घेणाऱ्याला प्रत्येक वस्तू महागच पडते. त्यात पाच-दहा रुपयांचे पुडे किंमत तीच ठेवून वजनात घटत गेले आहेत.

2024 च्या जूनमध्ये तूरडाळ किलोला दीडशेच्या वर होती. तूर कमी पिकली होती, तेव्हा त्या भावाचा फायदाही मोजक्यांनाच. मग साठ्यावर मर्यादा आली, विनाशुल्क आयात चालूच राहिली, आणि 2025 च्या सुरुवातीला नवी तूर निघाली तेव्हा अनेक बाजारांत तिला 7550 रुपयांचा हमीभावही मिळेना.

तेलाचे प्रकरण याहून बोलके आहे. 14 सप्टेंबर 2024 ला केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केले. हेतू चांगला होता: सोयाबीनवाल्याला भाव मिळावा. दिवाळीच्या कढईपर्यंत तेलाचा भडका पोहोचला, पण सोयाबीन 4892 च्या हमीभावाखालीच विकले गेले. कारण सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी सारी ढेप, आणि दाण्याचा भाव मोठ्या प्रमाणात तीच ठरवते. मका-तांदळाच्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारा चोथा पशुखाद्यात स्वस्त मिळू लागला होता, म्हणून ढेप पडली. एकाच घराने सोयाबीन पडत्या भावात दिले आणि तेल चढत्या भावात घेतले. पुढे 30 मे 2025 ला शुल्क 10 टक्क्यांवर आणले गेले; तोवर विकायचे ते विकून झाले होते.

मराठी समाजाने या दोन्ही दुःखांसाठी लढे दिले आहेत. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध उतरल्या. 1980 मध्ये शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन नाशिकचे कांदा-ऊसवाले रस्त्यावर बसले. दोन्ही लढे खरे होते. त्यांची गाठ मात्र पडली नाही, आणि आपले राजकारण आजही त्या दोन टोकांवरूनच बोलते.

जिची शेतीच नाही, जी कापूस वेचायला आणि संत्रा तोडणीला जाते, तिला स्वस्त डाळ हवीच. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, धान्यावर वरण होत नाही. तिच्या हक्काची डाळ-तेल रेशनवर आली पाहिजे, तिचा खर्च सरकारने उचलला पाहिजे. आज तो खर्च भाव पाडून तूरवाल्याकडून वसूल होतो.

2025 च्या जुलैत किरकोळ महागाईचा दर 1.55 टक्क्यांवर आला, जून 2017 नंतरचा तोवरचा सर्वांत कमी. आकडा खोटा नाही. भाज्या आणि डाळी उतरल्या म्हणून तो खाली आला. त्याच महिन्यात तेल वर्षापूर्वीपेक्षा बरेच महाग होते. दिल्लीला जी दिलासा देणारी घसरण दिसते, ती आमच्याकडे घटलेली मिळकत असते. दर मंदावला म्हणजे चढलेले भाव खाली आले असेही नाही. महागाई मोजायची तर एक क्विंटल तुरीत किंवा कापसात तेलाचे किती पिपे, किती साखर आणि मुलांच्या किती वह्या येतात, हे दरवर्षी मांडून बघावे.

यावरचे उपाय शेजारीच आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी दाल मिल तयार केली, तिला बरीच वर्षे झाली. विदर्भात बचत गट ती चालवतात. महाराष्ट्रात बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने उचलायचे आणि भाव सुधारला की विकायचे. नव्या जिल्ह्याकडे मागायचे तर मी आधी हेच मागेन. पांढुर्णा आणि सौंसर दोन्ही ठिकाणी तुरीसाठी गोदाम हवे, फेब्रुवारीतच हातात पडेल असे तारण कर्ज हवे आणि दहा-बारा गावांमागे एक दाल मिल हवी. उधारी फेडायला लागेल तेवढी तूर मंडीत जाईल. घरची दोन पोती गावातच भरडली जातील, डाळ घरात राहील आणि चुरी गोठ्यात.