मीटरला दर आहे, दिवसाला नाही

गेल्या एप्रिलमध्ये आईला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागत होतं. दवाखाना घरापासून अडीच किलोमीटर, एरवी दहा मिनिटांची वाट. त्या महिन्यात आमच्या रस्त्याची एक बाजू पत्रे ठोकून बंद केलेली होती आणि उरलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडची वाहनं एकमेकांना घासत चालली होती. चाळीस मिनिटं लागायची. रिक्षावाले यायला तयार नसत, म्हणून मीच गाडी काढायचो. परत आल्यावर फाटकासमोरच्या चरीवर टाकलेल्या फळीवरून आईला धरून आत न्यावं लागे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जेमतेम दीड महिना झालेला. फळीवर पाऊल टाकताना ती माझा दंड इतका घट्ट धरायची की बोटं उमटायची.

तोच रस्ता फेब्रुवारीत गॅसच्या नळासाठी खणला होता. मार्चमध्ये बुजवून वर डांबराचा पट्टा मारला. एप्रिलमध्ये तोच पट्टा फोडून ड्रेनेजचं काम सुरू झालं. मी मुकादमाला विचारलं, किती दिवस चालणार? तो म्हणाला, ‘‘काका, आम्हाला एवढ्या चरीचंच काम दिलंय. बुजवायचं दुसऱ्याकडं आहे. ते कधी येणार, आम्हाला कुणी सांगत नाही.’’

त्याचं उत्तर खरं होतं. म्हणूनच ते माझ्या मनातून गेलं नाही.

उन्हाळ्यात रस्ते का खणतात, हे मला मान्य आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्याचं काम करताच येत नाही. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही, चरीत पाणी भरतं, बाजूची माती ढासळते. काँक्रीटची गरज आणखी वेगळी. ते ओतल्यावर पूर्ण ताकद यायला साधारण 28 दिवस धरतात. एप्रिलच्या उन्हात वरचं पाणी झपाट्यानं उडून बारीक भेगा पडतात, म्हणून ओलं गोणपाट अंथरावं लागतं किंवा वाफे करून पाणी साठवून ठेवावं लागतं. ते दिवस कुणी घाईनं कमी केले तर नुकसान आपलंच आहे. काँक्रीट भिजत असताना बंद ठेवलेल्या रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती रिकाम्या दिवसांबद्दल. पत्रे लागलेले आहेत, चर उघडी आहे आणि आत माणूस नाही, असे दिवस मोजा. आमच्या रस्त्यावर मी मोजले. एप्रिलच्या 30 दिवसांपैकी 17 दिवस तिथं कुणीही काम करत नव्हतं. पाइप आले नव्हते, किंवा जेसीबी दुसरीकडे गेला होता, किंवा जलवाहिनी मध्ये आली म्हणून दुसऱ्या खात्याच्या अभियंत्याची वाट पाहणं चाललं होतं. त्या 17 दिवसांत रस्ता तेवढाच अडलेला होता.

हे असं का होतं, याचं कारण लोक भ्रष्टाचार या एका शब्दात सांगून मोकळे होतात. भ्रष्टाचार असेलही. पण तो नसला तरी हे घडेल, कारण रिकाम्या दिवसाची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. पुण्यात खासगी कंपनीला रस्ता खणायचा असेल तर पुनर्डांबरीकरणाचं शुल्क भरावं लागतं आणि ते आकारलं जातं धावत्या मीटरवर, 12,192 रुपये असा त्याचा दर बरीच वर्षं चर्चेत आहे. म्हणजे चरीच्या लांबीला दर आहे. ती चर पाच दिवस उघडी राहिली की पन्नास, याला दर नाही. पैशाच्या हिशेबात दिवस फुकट आहेत, आणि फुकट मिळणारी वस्तू कुणीही जपून वापरत नाही.

त्या दिवसांची किंमत कुणीतरी भरतच असतो. एखाद्या रस्त्यावरून दिवसाला 20,000 वाहनं जातात आणि प्रत्येकाची पंधरा मिनिटं जास्त जातात, असं धरून चाला. एका दिवसात 5,000 तास जातात. त्यात जळलेलं पेट्रोल वेगळं. रुग्णवाहिकेचा वेळ, पत्र्यांमागे गिऱ्हाईक न पोहोचलेल्या किराणा दुकानाचं नुकसान, रिक्षावाल्याच्या बुडालेल्या फेऱ्या, यांपैकी काहीही कामाच्या अंदाजपत्रकात येत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये भरपाई ठरवली. जिवाला आकडा लागला, हे आवश्यकच होतं. वेळेला मात्र आपल्याकडे अजून कुणी आकडा लावलेला नाही.

लंडनमध्ये तो लावला गेला. तिथल्या वाहतूक प्राधिकरणानं जून 2012 पासून सर्वांत गर्दीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी मार्गिका अडवणाऱ्यांकडून दिवसाचं भाडं घ्यायला सुरुवात केली, कमाल 2,500 पौंड. यामागचा विचार साधा आहे: भाडं चालू झालं की पाइप आल्याशिवाय कुणी चर खणत नाही, आणि दोन कंपन्या एकाच चरीत काम उरकायचा विचार करू लागतात.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो वजनदार आहे. दिवसाचं भाडं लावलं तर ठेकेदार घाई करेल, चर नीट न दाबता बुजवेल आणि पहिल्या पावसात रस्ता खचेल. हे होऊ शकतं. म्हणून भाड्याबरोबर हमी हवी, आणि ती कागदावर राहणारी नको. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण आपल्याकडे सतत दिलं जातं. 1970च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीनं तो 10 वर्षांच्या हमीनं केला आणि पुढे कित्येक दशकं त्यावर खड्डा पडला नाही. डांबर तेच, पाऊस तोच. केलेल्या कामाला दहा वर्षं बांधलेला माणूस वेगळ्या प्रकारे काम करतो.

दुसरा प्रश्न, पालिका स्वतःच खणत असेल तर भाडं कुणाकडून घेणार? माझं उत्तर असं की पाणीपुरवठा खात्यानं ते पथ विभागाच्या खात्यात जमा करावं. पैसा एकाच तिजोरीतला असला तरी आकडा कागदावर दिसेल, आणि वर्षाअखेरीला कोणत्या खात्यानं शहराचे किती दिवस अडवले हे विचारता येईल.

वेळ हातात कमी असतो, हा बचावही आता टिकत नाही. ऑक्टोबर ते मे असे आठ कोरडे महिने मिळतात. त्यांतला अर्धा काळ निविदा आणि मंजुऱ्यांत जातो, मग मार्चअखेरच्या खर्चाची धांदल उडते, आणि खरी खोदाई एप्रिल-मेमध्ये येऊन साचते. 2025 मध्ये मुंबईतल्या काँक्रीटीकरणाला 31 मेची मुदत होती. मोसमी पाऊस 26 मेलाच आला, नेहमीच्या 11 जूनच्या दोन आठवडे आधी. शेवटच्या दोन आठवड्यांवर विसंबून आखलेल्या कामात पावसाला दोष देता येत नाही. त्या शेवटच्या धावपळीत भर उन्हात, रात्रपाळीत राबतात ते मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेले मजूर. त्यांची मुलं रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली झोपलेली असतात. गाडीच्या काचेतून आपला संताप बहुतेक वेळा त्यांच्यावरच निघतो, आणि ते अन्यायाचं आहे.

मुंबई-पुण्यासह बहुतेक महापालिकांत 2022 पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर ते आले आहेत. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. खोदाईच्या परवान्यात मीटरच्या रकान्याशेजारी दिवसाचा रकाना घाला, त्याला दर लावा आणि काम कधी संपणार ती तारीख पत्र्यावर, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहायला लावा. आणि वाचकांनो, तुमच्या रस्त्यावरचे रिकामे दिवस या उन्हाळ्यात वहीत लिहून ठेवा. प्रभाग समितीच्या बैठकीला जाताना ती वही सोबत न्या.