तुळा आणि तोल

आपल्या गोमंतकांतील देवळांत नवस फेडण्याची एक जुनी रीत आहे. दुखण्यांतून उठलेल्या मुलास तागडीच्या एका पारड्यांत बसवितात आणि दुसऱ्या पारड्यांत त्याच्या भारंभार गूळ, साखर, नारळ किंवा केळीं ठेवितात. हाच तुळाभार. त्याचें एक वैशिष्ट्य सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. मुलाचें पारडें जड झालें म्हणून तेथें कोणी खिन्न होत नाहीं. मूल अंगानें भरलेलें असेल तर गूळ अधिक लागतो, आणि तितका तो अधिक वांटला जातो. तेंच मूल मोठें होऊन घरच्या वजनकाट्यावर उभें राहिलें म्हणजे मात्र काट्यावरील आंकडा त्यास निवाड्यासारखा वाटूं लागतो. आंकडा चढला कीं आपण अपराधी, उतरला कीं पुण्यवान! काट्यास हा अधिकार कोणीं दिला, आणि तो त्यास शोभतो काय, ह्याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

काटा खोटें बोलत नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. परंतु तो फार थोडें बोलतो. हाडें, स्नायू, रक्त, पाणी आणि मेद ह्या सर्वांची तो एकच बेरीज सांगतो. त्या बेरजेंत कोणाचा वांटा किती, हें सांगत नाहीं. कडक उपवासाच्या पहिल्या दोन दिवसांत जें वजन उतरतें, त्यांत बराच भाग पाण्याचा असतो. कुळागरांत राबणाऱ्याचे स्नायू आणि दिवसभर बैठकीवर बसणाऱ्याचा मेद काट्याच्या दृष्टीनें सारखेच. वजनास उंचीच्या वर्गानें भागून जो देहभारांक काढतात, त्याचेंही तसेंच. हें गणित बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनीं १८३२ सालीं मांडलें, तें समाजांतील सर्वसाधारण मनुष्याचें माप शोधण्यासाठीं. एकाद्या व्यक्तीचें आरोग्य तपासण्यासाठीं नव्हे.

ह्या मापाची मर्यादा दाखविणारें एक उदाहरण आपल्या शेजारच्या महाराष्ट्रांतच घडलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. युडकिन या दोघांचा देहभारांक एकच भरला: २२·३. काट्यानें आणि गणितानें दोघांस एका पंक्तीस बसविलें. पण अंगांतील मेद मोजला तेव्हां तो युडकिन यांच्या ठायीं शेंकडा ९·१, तर याज्ञिक यांच्या ठायीं शेंकडा २१·२ निघाला. दोघांनीं हें २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःच्याच छायाचित्रासह प्रसिद्ध केलें. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडांतील बालकांशीं तुलना केली असतां, आपलीं बालकें सरासरीनें सुमारें पाऊण किलोनें हलकीं, स्नायूंनीं क्षीण, तरी त्वचेखालील मेद मात्र त्या मानानें राखून असलेलीं अशीं आढळलीं. दिसावयास कृश आणि आंतून मेदयुक्त अशी ही आपल्या देहाची घडण आहे. उदरपोकळींत आणि यकृतांत सांठणारा मेद डोळ्यांस दिसत नाहीं. मधुमेह आणि हृद्रोग यांस मात्र तोच अधिक हातभार लावितो. म्हणूनच आपल्याकडील वैद्यकतज्ज्ञ देहभारांक २३ च्या पुढें गेला कीं सावध व्हावयास सांगतात. पाश्चात्त्य देशांत ही रेषा २५ वर आहे.

आमच्या पूर्वाचार्यांस हा विषय अपरिचित नव्हता. चरकसंहितेंत आठ निंदित देहांची गणना आहे, आणि तींत अतिस्थूल व अतिकृश हे दोघे शेजारीशेजारी आहेत. दोहोंत कृशता तेवढी बरी, असा चरकाचा कौल आहे. परंतु आजची कृशता वरवरची असूं शकते, हें वरील उदाहरणावरून दिसतें. सुश्रुतानें स्वस्थ पुरुषाचें जें लक्षण केलें आहे, तें आम्हांस अधिक मननीय वाटतें. दोष, अग्नि, धातु आणि मलक्रिया यांचें साम्य सांगून तो आत्मा, इंद्रियें आणि मन यांच्या प्रसन्नतेपाशीं येऊन थांबतो. त्या लक्षणांत वजनाचा उल्लेख नाहीं.

हा विचार केवळ शास्त्रचर्चेचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांमधील मधुमेहाचें प्रमाण देशांत शेंकडा ११·४, आणि गोव्यांत शेंकडा २६·४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, असें आढळलें. चौघांत एक! देवळाच्या पंगतींत एका रांगेस बसलेल्या माणसांकडे ह्या दृष्टीनें पाहिलें तर मन चरकतें. हें कोणा एकाच्या जिव्हालौल्याचें फळ म्हणावें काय? डिचोलीच्या खाणींवर एके काळीं स्त्रीपुरुष टोपल्यांनीं खनिज वाहत. पुढें यंत्रें आलीं. पेडण्यांतील माणूस डोंगर उतरून शेतांत आणि शेतांतून देवळांत पायीं जाई. आतां दारांतून दुचाकी निघते. मोप्याच्या पठारावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमानें उडूं लागलीं. श्रमाची रीत पालटली, पण ताटांतील भाताचा ढीग आणि चहांतील साखर पूर्वीचीच राहिली. जो बदल सर्व गांवाचा, त्याचा दोष एका स्थूल देहावर लादणें हा अन्याय आहे.

आणि हा अन्याय आम्ही किती सहज करतों! जत्रेस मुंबईहून आलेल्या सुनेस पहिला प्रश्न प्रकृतीचा नसतो, आकाराचा असतो. बाळंतपणानंतर जाड झालेली मुलगी हंसून उत्तर देते आणि मनांत खचते. दुसरीकडे सडपातळ गृहस्थाची स्तुति होते आणि तो कधीं रक्त तपासावयास जात नाहीं. एकाच चुकीच्या मापानें आम्ही एकीस विनाकारण लाजवितों आणि दुसऱ्यास विनाकारण निर्धास्त करतों.

मग वजनाकडे दुर्लक्षच करावें काय, असें कोणी विचारील. तसें आमचें म्हणणें नाहीं. देह हें धर्माचें पहिलें साधन आहे, हें आपण सर्व मानतों. साधनाची हेळसांड हा अधर्मच. वाढलेला मेद उतरविणें पुष्कळांस अगत्याचें आहे, आणि तें आठवड्यास अर्धा ते एक किलो, ह्याहून घाईनें करूं नये. घाईंत मेदाबरोबर स्नायूही झडतात. मात्र काटा हलला नाहीं म्हणून श्रम वायां गेले, असें समजूं नये. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं नियमित चालणें व मिताहार पाळला, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा २८·५ नें घटलें. आणि त्यांचें वजन म्हणण्यासारखें उतरलेंच नव्हतें. काटा स्थिर असतांही आंत आरोग्य वाढत होतें.

आमच्या व्रतांचें मर्मही हेंच आहे. शिरगांवच्या श्रीदेवी लईराईच्या जत्रेपूर्वीं धोंड कांहीं दिवस सोंवळ्यानें राहतात, सात्त्विक आहार घेतात. व्रताआधीं आणि व्रतानंतर त्यांस कोणी तोलून पाहत नाहीं. व्रत कशासाठीं? होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जाण्यास देह आणि मन पात्र व्हावें म्हणून. संयमाचें फळ पात्रता हें आहे. आंकड्यासाठीं केलेला उपवास आंकडा मिळतांच सुटतो. पात्रतेसाठीं केलेला संयम अंगवळणीं पडतो.

तेव्हां मापें हवींत, पण तीं अनेक हवींत. एक दोरा आपल्या उंचीएवढा घ्यावा, दुमडून अर्धा करावा. तो कंबरेभोंवतीं सैल बसला तर उत्तम, न पुरला तर वैद्याची गांठ घ्यावी. वर्षांतून एकदां रक्तशर्करा व रक्तदाब पाहावा. देवळाच्या पायऱ्या चढतांना धाप लागते काय, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर आधाराविना उठतां येतें काय, झोंप शांत लागते काय, हें स्वतःस विचारावें. आणि देवस्थानांनींही महाप्रसादाच्या ताटांत भाताच्या जोडीस कडधान्य व भाजी अधिक वाढली, तर प्रसादाचें पावित्र्य तिळभरही उणें होणार नाहीं.

श्रीकृष्णाच्या तुळेची कथा घरोघर ठाऊक आहे. सत्यभामेचें सोनें अपुरें पडलें, आणि रुक्मिणीनें ठेवलेल्या एका तुळशीपत्रानें पारडें समतोल झालें. तोल साधणें हें केवळ भाराचें काम नव्हे, हा त्या कथेचा बोध आमच्या समाजानें भक्तीपुरता जपला आहे. देहाच्या बाबतींतही तो स्वीकारण्याची वेळ आतां आली आहे.