धुरावरून निवाडा

धुरावरून अग्नि ओळखावा हें आपल्या न्यायशास्त्राचें सर्वांत परिचित उदाहरण होय. आणि तें इतकें परिचित झालें आहे कीं, धूर दिसला म्हणजे सर्व कांहीं समजलें अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः नैयायिकांनीं ह्या उदाहरणाचा जो एवढा विस्तार केला, तो अनुमान कोठें फसतें हें दाखविण्यासाठींच बव्हंशीं केला. धुरावरून अग्नि सिद्ध होतो, परंतु अग्नीवरून धूर सिद्ध होत नाहीं. कारण धुराला ओलें इंधन लागतें. दुरून धूर वाटलेली वस्तु पुष्कळदां वाफ किंवा धूळ असते. आणि जें लक्षण अनेक ठिकाणीं सारखेंच आढळतें, तें कोणत्याहि एका ठिकाणचा पुरावा होऊं शकत नाहीं. हे नियम पोथींत राहिले आणि व्यवहारांत आपण पहिल्या धुरालाच निवाडा देऊन मोकळे होतों. आम्ही आज जो धूर विचारास घेत आहों तो डोंगरावरचा नसून, शंभर सी.सी.च्या एका लहानशा मोटारसायकलीच्या सायलेन्सरांतून निघणारा आहे. विषय साहित्याच्या पानांस शोभणारा नाहीं असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दोषारोप करण्याचा अधिकार केव्हां प्राप्त होतो हा प्रश्न न्यायासनापुढें जितका खरा आहे तितकाच गॅरेजच्या दारांतहि खरा आहे.

वाचकांतील वडील मंडळींना धूर ओकणारी दुचाकी नवीन नाहीं. राजदूत, १९७२ सालीं निघालेली चेतक स्कूटर, १९८५ सालची यामाहा आर.एक्स. १०० हीं सारीं दोन-स्ट्रोक वाहनें. त्यांत पेट्रोलबरोबर तेल जळावें हीच मुळीं योजना होती. म्हणून त्यांचा निळसर धूर हा त्यांचा स्वभाव होता, अपराध नव्हे. त्याच १९८५ सालीं हीरो होंडाची सी.डी. १०० आली आणि चार-स्ट्रोक इंजिन मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या दारांत उभें राहिलें. ह्या इंजिनांत तेल खालच्या भागांत निराळें राहतें, तेथून फिरून प्रत्येक घासणाऱ्या भागास ओलावा देतें, आणि जेथें पेट्रोल जळतें तेथें त्यानें पाऊल टाकावयाचें नसतें. तेव्हां तोच निळा धूर येथें दोष ठरतो. एकच कृत्य एकाचा धर्म व दुसऱ्याचा अधर्म कसें होतें, हें वर्गांत समजावून देण्यास ह्याहून सोपें उदाहरण आम्हांस सांपडलेलें नाहीं. विद्यार्थी तेवढ्यापुरते तरी जागे होतात.

गाडी 'तेल खाऊं लागली' म्हणजे काय होतें हें थोडें पाहिलें पाहिजे. अशा इंजिनांत तेल मावतें सुमारें एक लिटर. हजार किलोमीटरांत त्यांतलें अर्धें जळत असेल आणि मालक तीन हजार किलोमीटरांनींच काय तें तेल बदलणारा असेल, तर मधल्या काळांत इंजिन कोरडें पडणार हें उघड आहे; आणि बहुतेक लहान गाड्यांना तेल संपत आल्याची खूण देणारा दिवा नसतो. कोरडा पिस्टन सिलिंडरांत एकदम धरला, तर मागचें चाक रस्त्यांतच अडकतें. म्हणजे हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे. स्वाराच्या व मागें बसलेल्या माणसाच्या हाडांचा प्रश्न आहे.

परंतु मुळांत गाडी तेल खाते हेंच प्रथम सिद्ध झालें पाहिजे. बाजूच्या स्टँडवर कलती उभी असलेल्या गाडीची काडी काढून पाहिली, तर ती खोटी साक्ष देते. गाडी सपाट जागीं सरळ उभी करावी. ज्या गाड्यांच्या पुस्तकांत तसें सांगितलें असेल त्यांत काडीचे आटे न फिरवितां ती नुसती टेकवावी. ब्लॉकच्या सांध्यांतून किंवा खालच्या बोल्टाशीं तेल पाझरत असेल तर तें जळत नाहीं, गळतें आहे. थंडीच्या सकाळीं निघणारा पांढरा धूर बहुधा वाफच असतो, आणि काळा धूर जादा पेट्रोलाचा. उलट, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल झिरपून तेलांत मिसळत असेल, तर तेल जळत असूनहि काडीवरची पातळी जागची हलत नाहीं, आणि एखाद्या लांबच्या प्रवासांत तें पेट्रोल उडून गेल्यावर मालकाला वाटतें कीं तेल एकाच दिवसांत नाहींसें झालें. तेल जादा भरलें असेल, तर तें ब्रीदरच्या नळीनें हवेच्या पेटींत जाऊन जळतें. हा दोष इंजिनाचा नसून भरणाऱ्या हाताचा. एवढ्यासाठीं कागदावर किलोमीटर लिहावे, मापानें तेल घालावें आणि कांहीं दिवस वाट पाहावी. हें वाट पाहणेंच माणसाला सर्वांत जड जातें.

आमच्या एका विद्यार्थ्याजवळ वडिलांनीं वापरलेली दहा वर्षांची अशी एक गाडी होती. तो तिच्यावरून सकाळीं दुकानांचा माल पोंचवी आणि दुपारीं वर्गांत येई. एका गॅरेजांत मिस्त्रीनें सायलेन्सरकडे एकवार पाहून 'ब्लॉक बोअर करावा लागेल, पिस्टन-रिंग नवी' असा निकाल सांगितला. खर्च चार-पांच हजार. मुलगा आमच्याकडे आला तो खरें म्हणजे फीची मुदत वाढवून मिळते का हें विचारण्यासाठीं. आम्हांला यंत्रविद्या येत नाहीं. परंतु 'धूर केव्हां येतो?' हा प्रश्न तर्कशास्त्राचा आहे, आणि तो आम्हीं विचारला.

उत्तर विचार करण्यासारखें होतें. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं सुरू केली कीं निळा लोट येई आणि मग थांबे. कात्रजचा घाट चढतांना धूर नसे. उतरतांना अॅक्सिलरेटर सोडून दिल्यावर पायथ्याशीं पुन्हां पिळला कीं येई. आतां तेलाला जळण्याच्या जागीं जाण्याच्या मुख्य वाटा दोन. एक खालून, झिजलेल्या रिंगांच्या कडेनें. दुसरी वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरचें रबरी सील कडक होऊन फुटलें असतां त्या दांड्यावरून. रिंगा गेल्या असतील तर भार पडतांच, म्हणजे चढावर, धूर अधिक दिसावा आणि ब्रीदरमधून फुंकर यावी. सील गेलें असेल तर उभ्या गाडींत रात्रभर थेंब थेंब उतरलेलें तेल सकाळीं जळावें, आणि उतारावर पेट्रोलची वाट बंद असतां आंतल्या ओढीनें शोषलेलें तेल पायथ्याशीं दिसावें. लक्षणें सीलकडे बोट दाखवीत होतीं. परंतु बोट दाखविणें म्हणजे सिद्ध करणें नव्हे. उतारावरची तीच ओढ झिजलेल्या रिंगांतूनहि तेल वर खेंचूं शकते. म्हणून दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीनें कॉम्प्रेशन मोजलें, मग स्पार्क प्लगच्या भोकांतून चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजलें. रिंगा सैल असत्या तर तेलानें फट बुजून आंकडा बराच चढला असता. तो जवळजवळ जागींच राहिला. तरीहि म्हाताऱ्यानें 'रिंगा चांगल्या' असें म्हटलें नाहीं. तीन रिंगांपैकीं वरच्या दोहोंबद्दल ही साक्ष झाली, तेल खरवडणाऱ्या तिसरीबद्दल नव्हे, असें तो म्हणाला. मग त्यानें फक्त वरचें हेड काढलें. आंत जाणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर ओलसर काजळीचा थर होता. पिस्टनच्या माथ्याची कड तेलानें धुतल्यासारखी स्वच्छ झालेली नव्हती, आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे नव्हते. तेथें तो थांबला.

वात्स्यायनानें शेषवत् अनुमानाचा एक अर्थ कार्यावरून कारणाकडे जाणें असा व दुसरा अर्थ इतर शक्यता वगळून उरलेली स्वीकारणें असा केला आहे. म्हाताऱ्यानें दोन्ही केले, आणि त्यांत आणखी एक गोष्ट केली जी न्यायसूत्रांत नाहीं: जी कसोटी कमींत कमी मोडते ती आधीं लावली. इंजिन उघडणें ही निरपराध कृति नव्हे. पॅकिंग वायां जातें. वर्षानुवर्षें एकमेकांशीं घासून जुळलेल्या रिंगा व भिंत ह्यांचा मेळ मोडतो. बोअर केलेला ब्लॉक पुन्हां पूर्वीचा होत नाहीं. घाईनें निकाल देणारा मिस्त्री लबाडच असतो असें आम्हांस वाटत नाहीं. पुष्कळदां तो फक्त निश्चित बोलतो, कारण गिऱ्हाईकाला निश्चित बोलणारा माणूस आवडतो. ह्या दोषांतला अर्धा वांटा गिऱ्हाइकाचा आहे.

ह्याच प्रकरणांत मुलाला एक तिसरा सल्लाहि मिळाला होता: जाडें तेल घालून धूर दाबावा आणि गाडी विकून टाकावी. हा सल्ला देणारा गृहस्थ सुशिक्षित होता व कायद्याचा आधार देत होता. आधार अगदींच खोटा नाहीं. १८७२ सालच्या करारांच्या कायद्याच्या सतराव्या कलमांत घोड्याचा दाखला आहे: लिलांवांत सदोष घोडा विकणारा दोषाविषयीं नुसता गप्प राहिला, तर तें कपट नव्हे. परंतु त्याच कलमांत, जाणूनबुजून केलेलें आच्छादन हें कपट होय असें म्हटलें आहे. आणि जाडें तेल हें मौन नव्हे, आच्छादन आहे. प्रदूषणाचा दाखलाहि येथें उपयोगी नाहीं. पेट्रोलच्या दुचाकीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन जागच्या जागीं मंद गतींत मोजतात, घाटाच्या पायथ्याशीं निघालेला निळा धूर त्यांत मोजला जात नाहीं. सिसरोनें कर्तव्यांवरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत हाच वाद घातला आहे: दुष्काळांत ऱ्होड्सला धान्य नेणाऱ्या व्यापाऱ्यानें मागून आणखी जहाजें येत आहेत हें सांगावें कीं नाहीं? डायोजिनीस म्हणतो, सांगण्याचें बंधन नाहीं; अँटिपेटर म्हणतो, आहे. सिसरो अँटिपेटरच्या बाजूला गेला. आम्हीहि त्याच बाजूचे. मात्र हें बोलणें पगारदार माणसाला स्वस्त पडतें, हें आम्ही जाणतों.

सील बदलण्यास सारें मिळून हजार-बाराशें रुपये लागले. मुलानें पुढें हजार किलोमीटर वहींत मांडून ठेविले. काडीवरची पातळी जेमतेम केसभर उतरली. दोन वर्षांनीं त्यानें ती गाडी विकावयास काढली, तेव्हां दुरुस्तीचें बिल व वहींतलें तें पान दोन्ही घेणाऱ्याच्या हातीं दिलीं. घेणाऱ्यानें कागद वाचला, इंजिन एकदां उघडलेलें आहे म्हणून दोन हजारांनीं किंमत पाडून मागितली, आणि मुलानें ती दिली.