खपून जाणे, खपवून घेणे

इंग्रजी क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय चिकटले की त्याचा अर्थ कोठल्या कोठे जातो. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनीच हे मान्य केले होते, की परकीयांची सर्वांत मोठी अडचण या जोडक्रियापदांपाशी होते. त्यांपैकी ‘गेट अवे विथ’ हे क्रियापद मला नीतिविचाराच्या दृष्टीने विशेष लक्षणीय वाटते.

शब्दशः त्याचा अर्थ काही घेऊन निसटणे. चोराने ऐवजासह पोबारा करावा तसे. पुढे ऐवज गेला आणि निसटणे तेवढे उरले: गैरकृत्य करूनही शिक्षेवाचून सुटणे. या शब्दचित्रात माणूस एकच, तो म्हणजे पळणारा. त्याची चतुराई आणि त्याचे दैव. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकॉन सांगतो त्या कथेतही असेच आहे. लिडियातील एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तिच्या बळावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. पकडले जाण्याची भीतीच नसेल तर माणूस न्यायाने का वागेल, हा ग्लॉकॉनचा प्रश्न.

प्रश्न थोर आहे, पण व्यवहारात अशी अंगठी कोणाजवळ असते? बहुतेक गैरकृत्ये दिसत असतात. अशा वेळी आपण मराठीत म्हणतो, ‘त्याचे खपून गेले.’ एखादी गोष्ट खपायची तर ती घेणारा कोणी असावा लागतो. आणि त्या घेणाऱ्यासाठी मराठीने त्याच धातूपासून शब्द घडविला आहे, ‘खपवून घेणे’. इंग्रजीत त्यासाठी ‘पुट अप विथ’ हे निराळेच क्रियापद वापरावे लागते. त्यामुळे सुटणारा आणि चालवून घेणारा यांचे नाते त्या भाषेत कानाला जाणवत नाही. मराठीत एकाचे खपते, कारण दुसरा खपवून घेतो.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचे उदाहरण घ्या. १९९९ ते २००५ या काळात त्याने ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सलग सात वेळा जिंकली. निषिद्ध द्रव्यांच्या सेवनामुळे २०१२ मध्ये ती सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेपुढे सव्वीस जणांनी साक्ष दिली होती आणि त्यांत अकरा त्याचे संघसहकारी होते. म्हणजे अंगठी नव्हतीच. जवळच्यांना दिसत होते.

मात्र येथे घाईने निवाडा करणे मला प्रशस्त वाटत नाही. त्या सहकाऱ्यांतील अनेकांनी स्वतःही ती द्रव्ये घेतली होती, आणि त्यांची उपजीविकाही त्याच खेळावर होती. त्यांनी खपवून घेतले की सोसले? ‘सोसणे’ हा शब्द आपण दुर्बलासाठी राखून ठेवतो. ज्याला विरोध परवडत नाही त्याच्यासाठी. ‘खपवून घेणे’ यातल्या ‘घेणे’ला मात्र स्वतःच्या लाभाचा वास आहे: संघातील जागा, मालकाची मर्जी, कधी नुसती घरातली शांतता. गंमत अशी, की इंग्रजीतील ‘पुट अप विथ’ हे एकच क्रियापद या दोन्हींसाठी चालते. आपल्याकडे शब्द दोन आहेत. तरीही स्वतःविषयी बोलताना माणूस बहुधा ‘सोसले’ असेच म्हणतो.