अक्षर कोणाचें ?

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. आतां ती स्वतः शिक्षिका आहे. बोलणें चाललें असतां तिनें पिशवींतून एक पिवळट पडलेला निबंध काढून आमच्यापुढें ठेवला. पंधरा वर्षांपूर्वीं तिनें तो आमच्या वर्गासाठीं लिहिला होता व आम्हीं तो तपासून परत दिला होता. शेवटच्या पानाच्या समासांत आमच्या हातचा शेरा होता. ‘‘सर, एवढें वाचून दाखवाल कां ? तेव्हां विचारायचा धीर झाला नाहीं,’’ ती म्हणाली. आम्हीं चष्मा पुसला, पान दिव्याजवळ नेलें, मग दूर धरलें. पहिलें अक्षर ‘उ’ होतें याविषयीं शंका नव्हती. त्यापुढें एक नागमोडी रेघ जाऊन शब्द संपला होता. तो ‘उत्तम’ असूं शकेल. ‘उथळ’ही असूं शकेल. पुढच्या दोन ओळींत ‘विचार’ एवढा एक शब्द लागला, बाकी कांहीं लागेना. त्या वेळीं मैत्रिणींशीं विचारविनिमय करून तिनें ‘उथळ’ असें ठरविलें होतें. पुढें एम्. ए. ला तत्त्वज्ञान न घेण्याचें तिनें जें ठरविलें, त्यास हा शब्द कितपत कारण झाला हें तिनें सांगितलें नाहीं, आणि आम्हांस विचारवलें नाहीं.

हस्ताक्षर ही नीतिशास्त्राच्या कक्षेंत येणारी गोष्ट आहे असें त्या दिवसापर्यंत आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. वीस-पंचवीस वर्षें आम्ही कर्तव्य, न्याय, अधिकार या विषयांवर व्याख्यानें देत आलों. पण ज्या हातानें फळ्यावर हे शब्द लिहिले त्या हाताचा हिशेब कधीं घेतला नाहीं. आपलें अक्षर वाईट आहे हें आम्हांस ठाऊक होतें, व तें आम्ही हंसत हंसत सांगतही असूं. विद्वानाचें अक्षर वाईटच असावयाचें अशी एक सोयीस्कर समजूत आहे. तिची ऊबही आम्हीं भरपूर घेतली.

विचार करूं लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही, कीं आपलें अक्षर आपण स्वतः वाचीत नाहीं. काय लिहावयाचें तें लिहिणाऱ्यास आधींच ठाऊक असतें. त्याचा डोळा कागदावर असला तरी मन पुढच्या शब्दाकडे धांवत असतें. अक्षराचा उपयोग करावयाचा तो दुसऱ्यानें. मग तें आपलें कसें ? तो शेरा लिहितांना आम्हीं फार तर अर्धें मिनिट वांचविलें असेल. तें अर्धें मिनिट त्या मुलीनें किती पटींनीं भरून दिलें, आणि तरी तिच्या हातीं कांहीं लागलें नाहीं. दुसऱ्याचे पैसे न विचारतां खर्च केले तर त्यास आपण स्पष्ट नांव देतों. वेळ खर्च केला तर ‘काय करावें, घाई होती’ एवढ्यावर भागतें.

दुसरी गोष्ट याहून अप्रिय आहे. वाईट अक्षर हा बहुधा वरच्याचा हक्क असतो. कारकुनाचें अक्षर वाईट असलें तर त्याची नोकरी अडचणींत येई. साहेबाचें वाईट असलें तर कारकून तें वाचावयास शिके. विद्यार्थ्यानें आमच्यासारखें लिहिलें असतें तर आम्ही त्याचे गुण कापले असते. आम्हीं लिहिलें तेव्हां त्यानें मैत्रांकडे धांव घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून विनोद पुष्कळ होतात, परंतु औषधाचें नांव चुकीचें लागलें तर भोगावें लागतें तें चिठ्ठी लिहिणाऱ्यास नव्हे. औषधांचीं नांवें सुवाच्य, आणि शक्य तर मोठ्या रोमन लिपींत लिहावींत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेस २०१६ सालीं करावा लागला. शहाण्या व शिकलेल्या माणसांस ‘वाचतां येईल असें लिहा’ हें नियम करून सांगावें लागतें, याचें कारण अज्ञान नसून अधिकार आहे. ज्याला वाचणें भागच आहे त्याच्यासाठीं कष्ट कोण घेतो ?

येथें कोणी मोडीचा दाखला देईल. पेशवे दप्तरांतील कागद आज किती जणांस लागतात ? पण मोडीवर हा आरोप करणें अन्यायाचें होईल. मोडी ही घाईसाठींच घडविलेली लिपि होती. आधीं पानभर आडव्या रेघा ओढावयाच्या आणि त्यांखालीं शक्य तों हात न उचलतां अक्षरें लोंबत ठेवावयाचीं, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी चिकित्सा करावयाची नाहीं, हे सारे संकेत लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास दोघांसही ठाऊक असत. पुण्याचा कारकून लिही तें नागपुरास वाचलें जाई. आमची लिपि मात्र आमच्या एकट्याचीच होती, आणि त्या संध्याकाळीं असें दिसून आलें कीं पंधरा वर्षांनंतर आमचीही राहिली नव्हती.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हें पुष्कळांस माहीत असतें. आम्हीं तो या निमित्तानें पुन्हां काढून वाचला. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें, आरंभापासून शेवटपर्यंत एकाच मापाचें असावें, हें तर कोणीही पंतोजी सांगेल. आमचें लक्ष गेलें तें दुसऱ्याच दोन सूचनांकडे. एक, पानाच्या चोहों बाजूंस जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाहीं. दुसरी, तरुणपणच्या तेज डोळ्यांच्या भरांत फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें कामास येत नाहीं. समर्थांच्या डोळ्यांपुढें लिहिणारा नाहीं, वाचणारा आहे. आणि तोही पुष्कळदां असा, कीं जो अजून जन्मास यावयाचा आहे, किंवा जो आपणच, पण डोळे मंद झालेला.

गांधीजींनीं आत्मकथेंत आपल्या वाईट अक्षराविषयीं खेद व्यक्त केला आहे. दक्षिण आफ्रिकेंतील वकिलांचीं व तरुणांचीं सुरेख अक्षरें पाहून त्यांस लाज वाटली. वाईट अक्षर हें अपुऱ्या शिक्षणाचें लक्षण मानावें, असा त्यांचा निष्कर्ष. येथवर आम्ही मान लववितों. परंतु पुढें सुधारण्याचा यत्न केला तेव्हां वेळ निघून गेली होती, असें ते म्हणतात, तें मात्र पटत नाहीं. १९०९ सालीं इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परततांना बोटीवर त्यांनीं ‘हिंद स्वराज्य’ लिहिलें, आणि उजवा हात थकला तेव्हां तीं पानें डाव्या हातानें लिहिणें चालू ठेवलें. ज्यानें चाळिशींत डाव्या हातास कामाला लावलें, त्यानें उजव्याविषयीं इतकें निराश कां व्हावें ? आम्ही तर पन्नाशी ओलांडून बसलों आहों. निराश होणें आम्हांस अधिक सोयीचें होतें.

तेव्हां टेबलाच्या खणांतून वडिलांचा फौंटन पेन काढला. ड्रॉपरनें शाई भरावयाचा, काळा, टोपणावर चीर गेलेला. धुतांना त्यांतून दोन दिवस निळें पाणी येत होतें. शाळेंत आम्ही असल्याच पेनांनीं लिहिलें. पुढें कॉलेजांत उतरवून घेण्याच्या घाईंत बॉलपेन हातीं आला व तोच राहिला. फौंटन पेननें अक्षर सुधारतें ही समजूत खरी नाहीं. वाईट हातीं पडला तर तो वाईटच लिहितो आणि वर बोटें रंगवितो. त्याचा गुण एवढाच, कीं तो कांहीं गोष्टी सहन करीत नाहीं. बॉलपेनची शाई दाट; गोळी फिरण्यासाठीं दाब द्यावा लागतो व पेन उभा धरावा लागतो. त्या दाबानें बोटें आंवळतात, आणि आंवळलेल्या बोटांस वळण देतां येत नाहीं. फौंटन पेनची पातळ शाई निबेच्या फटींतून आपोआप कागदावर येते. त्यास थोडें आडवें करून नुसतें टेकवावयाचें. दाबलें तर निब फांकते. शाई उतरते तेवढीच हवा मागें वर जावी, अशी बारीक खोबणींची सोय वॉटरमननें १८८४ च्या आपल्या पेटंटांत केली. मात्र ड्रॉपरच्या पेनांत शाई कमी झाली म्हणजे हाताच्या उष्णतेनें आंतली हवा फुगते व एक टपोरा थेंब नेमका महत्त्वाच्या ओळीवर पडतो. शाळेंत त्यावर खडू फिरवीत असूं. अजूनही तोच उपाय चालतो.

रोज रात्रीं पंधरा मिनिटें. पहिले आठ-दहा दिवस नुसत्या उभ्या रेघा व अर्धवर्तुळें; पन्नाशीचा प्राध्यापक कित्ता गिरवीत बसला आहे हें दृश्य घरांतील मंडळींस बरेंच करमणुकीचें वाटलें. मग स्वतःचीं जुनीं टिपणें समोर ठेवून दोष शोधूं लागलों. वाईट अक्षर म्हणजे सगळेंच वाईट असें नसतें, असें आढळलें. आमचा सर्वांत मोठा अपराध शिरोरेघ सोडण्याचा होता. घाईंत ती गेली तरी चालतें असें वाटतें. पण ‘भ’ व ‘म’ यांतला, ‘ध’ व ‘घ’ यांतला भेद त्या रेघेंतील एवढ्याशा खंडावर अवलंबून असतो. रेघच नसेल तर खंड कोठें दिसणार ? आमचें ‘धन’ आणि ‘घन’ एकच होतें. ‘ख’ चे दोन पाय खालीं जोडले नाहींत म्हणून ‘खा’ चा ‘रवा’ होत होता. शब्दाशब्दांतलें अंतर अक्षराअक्षरांतल्या अंतराएवढेंच. या चार गोष्टी सुधारल्या आणि बाकी अक्षर होतें तसें ठेवलें, तरी महिन्याभरांत पान वाचतां येऊं लागलें.

मग जें व्हावयाचें तें झालें. आम्हांस आपलें अक्षर आवडूं लागलें. वेलांट्यांस नको तेवढा डौल आला, उकारांच्या शेपट्या खालच्या ओळींत शिरल्या, आणि पेनांच्या किंमती पाहण्यांत एक दोन संध्याकाळ गेल्या. किराणा मालाची यादी आम्हीं मोठ्या हौसेनें लिहून दिली ती आमच्या कुटुंबानें बराच वेळ न्याहाळली व विचारलें, ‘‘अहो, अक्षर सुरेखच आहे, पण हें जिरें कीं मिरें ?’’ पूर्वीं आम्ही घाईसाठीं वाचणाऱ्यास विसरत होतों, आतां सौंदर्यासाठीं विसरलों होतों. शेपट्या कापल्या.

आमच्या एका सहकाऱ्यांचा आक्षेप वेगळा होता. ते म्हणाले, ‘‘हें तुमचें अक्षरच नव्हे. अक्षर म्हणजे स्वभाव. तुम्ही सोंग आणतां आहां.’’ हा आक्षेप आम्हांस कांहीं दिवस खुपला. पण ज्याला ते आमचा स्वभाव म्हणत होते, तो काय होता ? व्याख्यानें उतरवून घेण्याची घाई, पेपर तपासण्याची मुदत, आणि कोणी विचारणार नाहीं हा भरंवसा, यांचा तीस वर्षांत सांचलेला थर. त्याखालीं पाटीवरचें अक्षर होतें, तें तरी कोठें आमचें होतें ? तें गुरुजींनीं हात धरून दिलेलें. घरांत आल्यागेल्याशीं नीट बोलावें हेंही आपण असेंच शिकतों व त्यास सोंग म्हणत नाहीं.

एका गोष्टीची कबुली येथें दिली पाहिजे, नाहींतर आमचें म्हणणें क्रूर होईल. आमच्या एका मावशींचे हात शेवटच्या वर्षांत कांपत असत. त्यांचें पत्र वाचण्यास अर्धा तास लागे, आणि त्या अर्ध्या तासाचें ओझें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. प्रत्येक वेड्यावांकड्या अक्षरामागें त्यांनीं आमच्याहून अधिक वेळ घातलेला असे. कित्येक मुलांचा हात कितीही यत्न केला तरी वळत नाहीं, बुद्धि चांगली असूनही. अशांचें अक्षर वाचणें हें वाचणाऱ्याचें देणें आहे. परीक्षक म्हणून आम्हीं तें नेहमीं दिलें आहे, असें म्हणवत नाहीं. मोत्यासारख्या अक्षरांतील सामान्य उत्तरास दोन गुण अधिक, आणि खरडलेल्या चांगल्या उत्तरास दोन कमी, हें आमच्या हातून किती वेळां झालें असेल ! आपल्या अक्षराविषयीं उदार व दुसऱ्याच्या अक्षराविषयीं कठोर असा हा व्यवहार वर्षानुवर्षें बिनबोभाट चालला होता.

त्या विद्यार्थिनीचा निबंध आम्हीं ठेवून घेतला होता. ‘‘उत्तम असेंच लिहिलें होतें,’’ असें सांगून मोकळें होण्याचा मोह त्या दिवशीं झाला, हें लपवीत नाहीं. तिला बरें वाटलें असतें, आम्हांसही. पण आम्हांस तें खरोखरच ठाऊक नव्हतें. होळीच्या सुमारास, हात थोडा वळल्यावर, निबंध पुन्हां वाचला. वचन पाळण्याविषयींच्या कांटच्या मतावर तो आहे. मधलीं दोन पानें पुस्तकांतून उतरलेलीं आहेत. परंतु शेवटीं तिनें घेतलेला एक आक्षेप असा आहे, कीं आज वर्गांत कोणी तो घेतला तर आम्ही उरलेला तास त्यावरच घालवूं. तेव्हां आम्हीं तो पाहिला होता किंवा कसें, हें सांगतां येत नाहीं.

जुना शेरा खोडला नाहीं. नवा वेगळ्या कागदावर लिहिला. मधल्या दोन पानांविषयींही लिहिलें आणि शेवटच्या आक्षेपाविषयींही. मग तो कागद घरांत देऊन मोठ्यानें वाचून घेतला. कोठें अडखळलें नाहीं. निबंधाबरोबर पाकिटांत घातला. पाकिटावरचे पिनकोडाचे आंकडे मात्र दोनदां गिरवावे लागले, कारण पेनांतली शाई संपत आली होती.