पहारा कधी उठवावा?

शत्रूला ओळखणे हा गुण आहे, याविषयी दुमत नाही. परंतु इशारा देऊन झाल्यावर पहारेकऱ्याचे काय करावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

वनस्पतींच्या देहात रोगजंतूंच्या पाठलागावर फिरणाऱ्या संरक्षक पेशी नसतात. प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर ग्राहक-प्रथिने पहाऱ्याला उभी असतात. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा रोपात एफएलएस-२ नावाचे असे एक प्रथिन आहे. जिवाणू ज्या शेपटीने पोहतात, तिच्या प्रथिनातील अवघ्या २२ अमिनो आम्लांचा तुकडा ते ओळखते. ओळख पटताच बीएके-१ हे दुसरे प्रथिन त्याला येऊन मिळते आणि काही मिनिटांतच पेशी संरक्षणाला सज्ज होते.

खरे नवल पुढे आहे. इशारा दिलेला ग्राहक पेशी आत ओढून घेते व त्याचे विघटन करते, हे २००६ साली दिसून आले. कालांतराने त्याच्या जागी नवा ग्राहक येतो. विनाकारण गजर होऊ नये म्हणून आवर घालणारी प्रथिनेही असतात. त्यांपैकी बीआयआर-१ नसलेल्या रोपात कोणताही शत्रू नसताना पेशी मरू लागतात. शिवाय, तशी शेपटी निरुपद्रवी जिवाणूंनाही असते. खूण म्हणजे अपराधाचा पुरावा नव्हे.

काही वर्षांपूर्वी दानपेटीच्या हिशेबात तूट आली, तेव्हा आम्ही एका तरुणावर संशय घेतला. महिन्याभरात आमचीच बेरीज चुकल्याचे कळले. तरीही पुढे कितीतरी दिवस तो दारात दिसला की आमचा हात नकळत किल्लीकडे जाई. त्याने ते पाहिले असावे. हळूहळू त्याचे येणे थांबले. चोरी झालीच नव्हती; जे गेले ते आमच्या पहाऱ्याने गेले.

वनस्पतीला क्षमा ठाऊक नाही, कारण तिला निवडीचे स्वातंत्र्य नाही. निसर्गाच्या नियमातून नीतीचा नियम थेट काढणे तर्काला धरून होणार नाही. पण जे ती निवडीवाचून करते, ते निवडीचे स्वातंत्र्य असूनही आम्हाला साधले नाही, ही लाज आमची आहे.

पेशी पहारा मोडीत काढीत नाही. ती जुना पहारेकरी मागे घेऊन नवा उभा करते. सावधपण आणि संशय यांतील भेद आम्हाला इथेच दिसतो. सावध मनुष्य दारात आलेल्याला आज नव्याने पाहतो; संशयी मनुष्य कालच्याच डोळ्यांनी पाहतो.