अधिकारभेदाची कसोटी

पहाटेच्या प्रहरी कोथरूडहून वेताळ टेकडीकडे जाणाऱ्या चढावर जी मंडळी धावताना दिसतात, त्यांत साठी ओलांडलेले स्त्रीपुरुषही आता असतात. आणि त्यांच्यापैकी काहींच्या मनात अमेरिकेतील बॉस्टन हे नगर एखाद्या तीर्थक्षेत्राप्रमाणे ठाण मांडून बसलेले असते. 1897 पासून चालत आलेली तेथील मॅरेथॉन इतर मॅरेथॉनांप्रमाणेच 42.195 किलोमीटरांची आहे. परंतु धर्मादाय कार्यासाठी निधी जमविणाऱ्यांची निराळी वाट सोडली, तर तिच्या प्रारंभरेषेवर उभे राहू इच्छिणाऱ्याने रीतसर मोजणी झालेल्या दुसऱ्या एखाद्या मार्गावर, आपल्या वयोगटास मुक्रर केलेल्या वेळेच्या आत, तेवढेच अंतर धावल्याचा दाखला अर्जासोबत द्यावा लागतो.

2026 च्या शर्यतीकरिता ही वेळ पस्तिशीच्या आतील पुरुषास 2 तास 55 मिनिटे, पन्नाशीत प्रवेश केलेल्यास 3 तास 20 मिनिटे, साठाव्या वर्षी 3 तास 50 मिनिटे आणि ऐंशीव्या वर्षापासून पुढे 4 तास 50 मिनिटे अशी होती. स्त्रियांस प्रत्येक गटात त्याहून तीस मिनिटे अधिक होती. वय धरावयाचे ते शर्यतीच्या दिवशीचे, असाही नियम आहे. म्हणजे ज्या वार्धक्याला आपण सर्वत्र उणे समजतो, त्यातील एक वाढदिवस येथे अर्जदाराच्या जमेस पडू शकतो.

या व्यवस्थेवर एक सरळ आक्षेप संभवतो. रस्ता सर्वांस एक, अंतर एक, घड्याळही एक. मग मोजमाप निरनिराळे का? ज्याला तरुणापेक्षा तासभर अधिक दिला, त्याला न्याय दिला की त्याच्यावर केवळ दया केली? हा प्रश्न क्रीडाक्षेत्रापुरता मर्यादित नाही. माणसामाणसांतील भेद मान्य करूनही समता टिकविता येते काय, या जुन्या आणि अवघड विचाराचेच ते एक रूप आहे.

आपल्याकडे या विचाराला अधिकारभेद हे नाव फार पूर्वीपासून आहे. वेदान्तशास्त्र विषय आणि प्रयोजन सांगण्याबरोबरच अधिकारी कोण हेही सांगते, आणि विवेक, वैराग्य, शमदमादी सहा संपत्ती व मुमुक्षुत्व ही त्याची लक्षणे म्हणून गणते. ही सारी साधनेने मिळवावयाची आहेत. त्यांत जन्माचा संबंध नाही. परंतु त्याच परंपरेतील ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात जन्मावरून अधिकार नाकारला गेला, आणि शंकराचार्यांच्या भाष्याने त्या नकारास बळ दिले. एकाच शास्त्राच्या दफ्तरात अधिकाराचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी राहिले: एक माणसाने आपल्या प्रयत्नाने गाठावयाचा, आणि दुसरा कितीही प्रयत्न केला तरी त्याला कधीच न लाभणारा. अधिकारभेदाच्या नावाने आपल्या समाजात जे अन्याय घडले, ते या दुसऱ्या अर्थाने घडले, म्हणून पहिलाही त्याज्य ठरवावा काय?

त्याचे उत्तर शोधण्यास कोथरूडकराला दूर जावे लागत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि पुढे तो कोथरूडलगतच्या हिंगण्यास नेला. ज्या विधवांना विद्येचा अधिकारच नाही असे समाज मानीत होता, त्यांच्यासाठी ते दार उघडले गेले. 1916 साली, वयाच्या 58 व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श पुढे ठेवून मातृभाषेचे माध्यम आणि स्त्रियांच्या परिस्थितीस अनुरूप असा अभ्यासक्रम त्यांनी योजिला. निराळे मोजमाप म्हणजे हलके मोजमाप, ही शंका तेव्हाही घेतली गेली. परंतु एकाच मापाच्या आग्रहाने ज्या असंख्य स्त्रिया उंबरठ्याबाहेरच राहिल्या असत्या, त्यांना आत घेणारे माप कर्व्यांनी निवडले, आणि ते निवडताना परिश्रमाची अट मात्र शिथिल केली नाही.

बॉस्टनचा इतिहासही याच कसोटीवर पाहण्याजोगा आहे. 1966 साली बॉबी गिब हिने प्रवेशासाठी विचारणा केली, तेव्हा एवढे अंतर धावणे स्त्रीच्या शरीरास झेपणारे नाही, असे तिला कळविण्यात आले. ती झुडपांआड थांबली आणि क्रमांकाविनाच तिने शर्यत धावून पुरी केली. स्त्रियांस रीतसर प्रवेश मिळावयास 1972 साल उजाडावे लागले. स्त्रीपुरुषांतील जो शारीरिक भेद पूर्वी दार लावण्यास कारण झाला होता, तोच आज तीस मिनिटांच्या रूपाने दार उघडण्याचे साधन झाला आहे. भेद तोच राहिला. त्याचा विनियोग पालटला. माझ्या मते अधिकारभेदाच्या न्याय्यतेची खरी कसोटी येथे आहे: भेद ओळखल्यामुळे माणूस आत येतो की बाहेर राहतो? वयाचा भेद तर याहूनही निरपवाद आहे, कारण तो कोणा एका कुळाच्या वाट्यास येत नाही. जो जगतो त्या प्रत्येकास तो क्रमाने प्राप्त होतो, आणि आजचा तरुण ज्या सवलतीकडे साशंकपणे पाहतो, तिचा तोच उद्याचा हक्कदार असतो.

तथापि अधिकार मिळाला म्हणजे फळ मिळालेच असे नाही. रस्त्याची रुंदी मर्यादित असल्यामुळे अर्ज अधिक आले की ठरलेल्या वेळेहूनही जलद धावलेल्यांनाच जागा मिळते. 2025 च्या शर्यतीसाठी प्रत्येक वयोगटात ही जास्तीची अट 6 मिनिटे 51 सेकंदांवर गेली आणि पात्र असूनही 12,324 अर्ज नामंजूर झाले. आपल्याबरोबर आणखी किती जण आणि किती वेगाने धावतील, हे कोणाच्याच हाती नसते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा गीतेचा सिद्धान्त इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच मांडला जात असेल.

म्हणूनच या वेळापत्रकाकडून आपण त्याच्या कुवतीबाहेरचे काही मागू नये. ते मर्यादित जागा वाटण्याची एक विवेकी तजवीज आहे. माणसाचे मोल ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. पुण्यावरून दरवर्षी पंढरीस जाणाऱ्या वारीत कोणी कोणाचा दाखला तपासत नाही, कारण तेथे पोहोचावयाचे असते ते सर्वांनी मिळून. शर्यतीस निवड करावी लागते, समाजाला तशी सक्ती नाही. जेथे निवड अपरिहार्य आहे तेथे माप प्रत्येकाच्या स्थितीस अनुरूप असावे, आणि कोण बाहेर राहिले हे पाहून ते वेळोवेळी सुधारावे. आणि जेथे निवड अपरिहार्य नाही, तेथे माप लावण्याचा मोहच आपण आवरावा. विद्येच्या, उपासनेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या वाटा इतक्या अरुंद कधीच नव्हत्या. त्या अरुंद केल्या त्या आपण, आणि त्या रुंद करण्याचे उत्तरदायित्वही आपलेच आहे.